हवेतल्या पाण्याचा बंदोबस्त

एप्रिल-मे महिन्यांत पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांमध्ये एसी प्लँटकडे सगळ्यांचे लक्ष असते. पारा चाळिशीकडे सरकतो, दुपारी शेडमध्ये उभे राहवत नाही आणि एखादा चिलर जरा कुरकुरला की युटिलिटी विभागाचा फोन वाजायला लागतो. मग वळवाचे दोन-तीन पाऊस होतात, हवा निवते, माणसे सुटकेचा श्वास टाकतात आणि प्लँटचा विसर पडतो. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात हे वर्षानुवर्षे असेच चालत आले आहे. माझे म्हणणे असे, की ज्या महिन्यात आपण प्लँटला विसरतो, तोच त्याच्या खऱ्या कसोटीचा महिना असतो. उन्हाळा यंत्राला दमवतो, पण माल बिघडवतो तो पावसाळा.

आकडे मांडून पाहू. हा सारा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. एप्रिलमधल्या एखाद्या कोरड्या दुपारी तापमान ३८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर दर किलो कोरड्या हवेबरोबर जेमतेम ९ ग्रॅम पाण्याची वाफ असते. जुलैत झड लागलेली असताना तापमान २५ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर तेवढ्याच हवेबरोबर १९ ग्रॅम वाफ असते. अंगाला गार वाटणारी जुलैची हवा उन्हाळ्यातल्या तापलेल्या हवेपेक्षा दुपटीहून जास्त पाणी घेऊन कारखान्यात शिरते. थर्मामीटरकडे पाहून हे कळत नाही. किंबहुना थर्मामीटर त्या दिवशी फार दिलासादायक आकडा दाखवत असतो.

कारखान्यात ज्याला सगळे 'आरएच' म्हणतात, ती सापेक्ष आर्द्रता हे एक प्रमाण आहे. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आत्ता आहे, एवढेच तो आकडा सांगतो. हवा तापवली की तिची वाफ धरण्याची ऐपत वाढते आणि आरएच उतरतो, जरी वाफेचा एक कणही कमी झालेला नसला तरी. हवा गार केली की उलटे होते. हवा थंड करत गेलो की एक वेळ अशी येते की तिला आहे ती वाफ धरवत नाही आणि पाणी सुटू लागते. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. थंडगार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तो यामुळेच, आणि एसीच्या कॉइलमध्येही नेमके हेच घडते. खोलीत २३ अंश तापमान आणि ५० टक्के आरएच हवा असेल, तर त्या हवेचा दवबिंदू सुमारे १२ अंश येतो. याचा अर्थ कॉइलवरून निघणारी हवा १२ अंशांपर्यंत किंवा त्याहूनही खाली गेली पाहिजे. ती १५ अंशांवरच थांबली तर खोली गार होईल, कोरडी होणार नाही.

वातानुकूलनाची सुरुवातच मुळी या प्रश्नातून झाली. १९०२ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनमध्ये एका छापखान्याला उन्हाळ्यातल्या दमटपणाने बेजार केले होते. रंगीत छपाईत एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवावे लागत, आणि मधल्या वेळात कागद ओलावा पिऊन फुगला की रंग जागेवर बसत नसत. विलिस कॅरिअर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरने त्या जुलैत जी यंत्रणा आखली, तिचा हेतू छापखान्याची आर्द्रता ताब्यात ठेवणे हा होता. माणसांना गारवा देणे हा एसीचा पुढे मिळालेला उपयोग. कारखान्यातल्या एसीने मात्र आपले मूळ काम सोडलेले नाही, आणि तो चालवणाऱ्याने हे ध्यानात ठेवले तर निम्मे प्रश्न उभेच राहत नाहीत.

आता पाणी किती, ते पाहू. एखाद्या विभागासाठी ताशी साडेआठ हजार घनमीटर ताजी हवा बाहेरून घेतली जाते असे समजू. आपल्याकडच्या मापात ती ५,००० सीएफएम झाली. मध्यम आकाराच्या कारखान्यात हा आकडा मोठा नाही. जुलैच्या त्या १९ ग्रॅमच्या हवेला खोलीच्या ९ ग्रॅमवर आणायचे, तर दर किलोमागे १० ग्रॅम पाणी काढावे लागते. हिशेब केला तर ताशी सुमारे ९० लिटर, म्हणजे दिवसाला दोन हजार लिटरच्या वर पाणी होते. हवेतून इतके पाणी निघते यावर प्लँटमध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्यांचाही पटकन विश्वास बसत नाही. ते निवळायला लागणारी थंडीही फुकट मिळत नाही. वाफेचे एक लिटर पाणी करायला सुमारे ०.६८ युनिट इतकी उष्णता हवेतून खेचावी लागते. ताशी ९० लिटरला चिलरची सतरा-अठरा टन क्षमता एकट्या या कामात जाते, आणि या सतरा टनांनी खोलीचे तापमान एक अंशानेही उतरत नाही. हवा गार करणे हा एक भार आणि तिच्यातले पाणी काढणे हा दुसरा. तापमान दाखवणाऱ्या काट्याला पहिलाच भार दिसतो.

पावसाळ्यातली सर्वात महागडी चूक इथेच होते. बाहेर गारवा आहे, दोनपैकी एक चिलर बंद केला तरी खोली २३ अंशांवर टिकते आहे, मग दुसरा कशाला चालवायचा? किंवा चिलरमधून ७ अंशांवर निघणारे पाणी १० अंशांवर सोडले तर वीज वाचेल, असा विचार होतो. वीज खरेच वाचते. कॉम्प्रेसरला जितके गरम पाणी बनवावे लागते, तितके त्याचे श्रम कमी. पण ७ अंशांचे पाणी १० अंशांवर गेले की कॉइलवरची हवा १२ अंशांपर्यंत उतरत नाही. तापमान जागेवर राहते आणि आरएच ५० वरून ६०, मग ६५ वर चढतो. सकाळच्या शिफ्टमध्ये केलेल्या या बदलाचे परिणाम दोन-तीन दिवसांनी मालावर दिसतात, तोवर त्या दिवशी कोणी काय फिरवले हे कोणाच्या लक्षातही नसते. म्हणून लॉगबुकमध्ये चिल्ड वॉटरचे तापमान, खोलीचा आरएच आणि बाहेरचा आरएच या तीन नोंदी शेजारी शेजारी असाव्यात. नुसत्या तापमानाच्या रकान्याने भरलेले लॉगबुक पावसाळ्यात कामाचे नाही.

याच्या उलट बाजूचाही खर्च आहे. पाणी काढण्यासाठी हवा १२ अंशांपर्यंत नेली, पण खोलीत माणसे आणि यंत्रे कमी आहेत, तर ही हवा खोली नको इतकी थंड करते. मग तिला पुन्हा तापवावे लागते. या फेरतापवणीसाठी अनेक ठिकाणी विजेचे हीटर असतात, म्हणजे एकीकडे वीज जाळून गार करायचे आणि दुसरीकडे वीज जाळून तापवायचे. याला चांगले उपाय आहेत. कंडेन्सरकडे फुकट जाणारी उष्णता गरम पाण्याच्या कॉइलमधून वापरता येते. कॉइलच्या आधी आणि नंतर दोन जोड-कॉइल्स बसवून आत येणाऱ्या उबदार हवेचीच उष्णता बाहेर निघणाऱ्या गार हवेला देता येते. माझ्या मते सर्वात शहाणपणाचा उपाय म्हणजे ताज्या हवेसाठी वेगळे युनिट ठेवणे. त्याला धंद्यात टीएफए म्हणतात. बहुतेक पाणी ताज्या हवेबरोबर येते, तेव्हा ते दारातच काढून घ्यावे आणि आतल्या यंत्राकडे फक्त गारव्याचे काम राहू द्यावे.

या पट्ट्यात कोरड्या हवेची गरज जुनी आहे. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ मध्ये झाली आणि पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने तिथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. सार्वजनिक क्षेत्रातला तो देशातला पहिला औषध कारखाना. पेनिसिलिनच्या रेणूतले बीटा-लॅक्टम वलय पाण्याच्या संगतीत हळूहळू तुटते आणि औषधाचा गुण जातो. म्हणून ते इंजेक्शन कोरड्या पावडरीच्या रूपात बाटलीत भरतात, आणि पाणी घालायचे ते टोचण्याच्या आधी. अशी पावडर भरायच्या खोलीत हवा दमट असून चालत नाही. गोळ्या-कॅप्सूलच्या कारखान्यांचेही तसेच आहे. पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्यांना २० ते २५ टक्के आरएच लागतो, त्याहून जास्त झाला तर गोळी पाकिटातच सादळून फुगते. जिलेटिनच्या कॅप्सूलला मात्र इतका कोरडेपणा सोसत नाही. तिचे कवच फार कोरड्या हवेत तडकते आणि दमट हवेत चिकटते. एकाच इमारतीतल्या दोन खोल्यांना दोन वेगळ्या हवा लागतात, ते यामुळे.

भोसरी-चिंचवडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये औषधे नसतात, पण मोजमापाची खोली असते. जगभर लांबीची मापे २० अंश तापमानाला धरली जातात. पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा एका अंशाने तापला की सुमारे साडेअकरा मायक्रॉनने वाढतो, आणि ज्याला दहा मायक्रॉनच्या आत काम करायचे आहे, त्याच्या दृष्टीने ती चूकच. तापमानाची ही काळजी आपले लोक मन लावून घेतात. आर्द्रतेची तितकी घेत नाहीत. पॉलिश केलेल्या पोलादावर साठ टक्क्यांच्या वर आरएच गेला की गंज झपाट्याने वाढतो, आणि स्लिप गेजवर बोटाचा ठसा राहिलेला असेल तर एका पावसाळ्यात तो ठसा कायमचा कोरला जातो. वीस अंशांच्या खोलीत २५ अंशांची जुलैची हवा दार उघडताच शिरते, तेव्हा तिचा दवबिंदू खोलीच्या तापमानाहून वर, तेविसाच्या आसपास असतो. थंड गेजवर, थंड ग्रॅनाइटवर थेट दव बसते. मोजमाप-खोलीला दोन दारांची मधली मोकळी जागा का ठेवतात, त्याचे उत्तर यात आहे. जागा वाचवण्यासाठी ती मोडून टाकणारे वर्कशॉप मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या गेजच्या पेट्याही.

चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने आले, त्यानंतर महिंद्राचा. मोटारी आल्या की पेंट शॉप येते, आणि हवेच्या बाबतीत पेंट शॉपइतका खादाड विभाग दुसरा नसेल. पाण्यावर आधारलेल्या रंगासाठी बूथमधली हवा साधारण २३ अंश आणि ६५ टक्के आरएचच्या अरुंद चौकटीत लागते. हवा दमट असेल तर रंगातले पाणी वेळेत उडत नाही आणि रंग ओघळतो. फार कोरडी असेल तर रंगाचा थेंब गाडीवर पडायच्या आतच अर्धा सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. बूथमध्ये हवा छतातून जमिनीकडे सेकंदाला ०.३ ते ०.५ मीटर वेगाने सतत खाली वाहत असते. पाच मीटर रुंद आणि वीस मीटर लांब बूथ धरला तर ताशी जवळजवळ दीड लाख घनमीटर हवा लागते. ही सगळी हवा बाहेरून घ्यायची तर जुलैत तिच्यातून ताशी सुमारे एक हजार लिटर पाणी काढावे लागेल. एप्रिलच्या कोरड्या दुपारी त्याच बूथसाठी ताशी पाचशे लिटर पाणी हवेत घालावे लागेल. एकच यंत्रणा दोन ऋतूंत परस्परविरोधी कामे करते. हा खर्च टाळण्यासाठी आता बूथमधली बरीच हवा गाळून पुन्हा वापरतात. पण ऋतू बदलताना, म्हणजे जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑक्टोबरात, यंत्रणा ओलावा घालण्याकडून काढण्याकडे आणि परत वळवताना डँपर आणि व्हॉल्व्ह अडकतात, कारण चार ते आठ महिने ते हललेले नसतात. ज्या चार दिवसांत हे घडते, त्या चार दिवसांतला माल पुन्हा पॉलिशला जातो.

चाकण म्हटल्यावर गाड्यांच्या आधी कांद्या-बटाट्याचा बाजार आठवणारी पिढी अजून आहे, आणि आर्द्रतेचा विषय त्या पिढीला नवा नाही. बटाटा शीतगृहात ३-४ अंशांवर ठेवायचा तर हवा ९० टक्क्यांच्या वर दमट लागते, नाहीतर तो सुरकुततो. कांद्याला तेवढा ओलावा दिला तर तो सडतो आणि कोंब फोडतो. त्याला ६५ ते ७० टक्के पुरतात. कांदाचाळ जमिनीपासून उचलून, बाजूंनी फटी ठेवून, खालून वारा खेळेल अशी बांधतात, ती या ओलाव्याचाच विचार करून. खेड तालुक्यातल्या शेतकऱ्याला ढगाळ जून-जुलैत चाळीतल्या कांद्याची जी काळजी लागते, ती काळजी गावाच्या पलीकडच्या कारखान्यातल्या यंत्र-अधिकाऱ्याने समजून घ्यावी.

थंड कॉइलने हवा कोरडी करण्याला एक तळ आहे. २२ अंशांच्या खोलीत २० टक्के आरएच हवा असेल तर दवबिंदू शून्याच्या खाली जातो, आणि तिथे कॉइलवर पाण्याऐवजी बर्फ धरतो. तिथून पुढे सिलिका जेलचे चाक लागते. मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीच्या या चाकाच्या जवळजवळ पाऊण भागातून कामाची हवा जाते आणि तिची वाफ सिलिका जेल धरून ठेवते. उरलेल्या भागातून १२० ते १४० अंश तापवलेली हवा उलट दिशेने सोडतात. ती जेलमधला ओलावा उचलून बाहेर नेते. चाक अगदी संथ, तासाला दहा-पंधरा फेऱ्या फिरते. यातून निघणारी हवा कोरडी खरी, पण चांगलीच गरम असते, म्हणून पुढे पुन्हा गार करावी लागते.

चाकाच्या या डिह्युमिडिफायरची निगा राखायची तर तीन गोष्टींकडे माणसाचे लक्ष हवे. तापवणारी हवा ठरल्या तापमानाला पोहोचते आहे ना, हे रोज पाहायचे. हीटरचा एक संच गेला आणि १३० ऐवजी ९० अंश हवा येऊ लागली तर चाक फिरत राहते, दिवे हिरवे असतात, आणि जेल ओलाव्याने गच्च होत जाते. दुसरे, त्या गरम, ओल्या हवेच्या बाहेर जाणाऱ्या डक्टला बाहेरच्या बाजूला उतार हवा. डक्टमध्ये वाफ निवळते आणि उतार आत असेल तर पाणी थेट चाकावर येते. तिसरे, रंगाचे थिनर, तेलाची वाफ आणि बारीक धूळ यांपासून चाक जपायचे. सिलिका जेलच्या सूक्ष्म छिद्रांत तेल बसले तर धुऊन निघत नाही, आणि चाक बदलण्याचा खर्च मोठा असतो. फिल्टरला कंजूषपणा केला तर इथे भोगावा लागतो.

साध्या एएचयूमध्ये, म्हणजे पंखा आणि थंड कॉइल असलेल्या हवेच्या युनिटमध्ये, सर्वाधिक त्रास देते ती ड्रेनची नळी. कॉइल पंख्याच्या आधी बसवलेले असते, म्हणून कॉइलच्या डब्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. ट्रेमधल्या नळीला ट्रॅप नसेल किंवा तो उथळ असेल, तर पंखा त्या नळीतून बाहेरची हवा आत ओढतो आणि पाणी बाहेर पडू शकत नाही. पंख्याची ओढ ७५ मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतकी असेल तर ट्रॅपची खोली त्याहून चांगली जास्त ठेवायला हवी. दुसरी गंमत ऋतूची आहे. कोरड्या उन्हाळ्यात कॉइलवर पाणी सुटत नाही, त्यामुळे ट्रॅप सुकतो. पहिल्या पावसात पाणी सुटू लागते तेव्हा रिकाम्या ट्रॅपमधून हवेचा झोत येतो आणि ट्रेमधले पाणी तो वर उडवतो. पाणी पंख्यावर, तिथून डक्टमध्ये आणि फॉल्स सीलिंगवर. लोक छत गळते म्हणून पत्र्यावर चढतात. मृगाच्या आधी प्रत्येक ट्रॅपमध्ये एक मग पाणी ओतून ठेवणे, एवढे काम पुरते.

ट्रेमध्ये साचलेल्या पाण्यात शेवाळ धरते आणि त्याचा वास सगळ्या विभागात फिरतो. कॉइलवर धूळ असेल तर ती ओली होऊन चिखल बनते. असे कॉइल जोरदार प्रेशर जेटने धुण्याची सवय फार पसरली आहे, ती सोडावी. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ फिन्स वाकतात आणि मग हवा जायची वाटच बुजते. हवा येते त्याच्या उलट बाजूने, सौम्य द्रावण आणि कमी दाबाचे पाणी वापरून धुवावे. हवेचा वेग कॉइलवर सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास ठेवावा. पंख्याची पुली बदलून हवा वाढवण्याचा मोह झाला की कॉइलवरचे थेंब हवेबरोबर उडून पुढे जातात.

चिल्ड वॉटरच्या पाइपांच्या वेष्टनाकडेही पावसाळ्याच्या तोंडावर एक नजर टाकावी. वेष्टनाच्या एका फाटक्या सांध्यातून दमट हवा आत शिरते, थंड पाइपवर दव धरते आणि आतल्या आत लोखंड गंजत राहते. बाहेरून दिसतो तो फक्त एक थेंब. त्या थेंबाखाली बादली ठेवणे हा उपाय नव्हे.

मग येतो हवेच्या दाबाचा प्रश्न. एक्झॉस्ट पंखे जेवढी हवा बाहेर टाकतात, त्याहून कमी ताजी हवा आत येत असेल, तर बाकीची हवा दाराखालून, खिडकीच्या फटीतून, केबलच्या भोकांतून आत येणारच, आणि ती कुठल्याही कॉइलवरून न जाता येते. जुलैत अशा चोरवाटांनी येणारे पाणी टीएफएच्या सगळ्या कष्टांवर पाणी फिरवते. हे तपासायला महागडे उपकरण लागत नाही. दाराच्या फटीजवळ पेटती उदबत्ती धरावी. धूर बाहेर गेला तर ठीक, आत ओढला गेला तर एक्झॉस्ट आणि ताज्या हवेचा मेळ बसवायला हवा. अर्थात जिथे थिनर किंवा ज्वालाग्राही पावडर आहे, तिथे उदबत्ती नेऊ नये. तिथे बारीक रेशमी धागा फटीत लटकवला तरी दिशा कळते.

आरएच दाखवणारे सेन्सर वर्षभरात चार-पाच टक्क्यांनी सरकू शकतात. सेन्सर ५० दाखवत असताना खरा आरएच ५५ असेल तर सगळा बंदोबस्त फोल. त्याला पडताळण्याचा एक फार जुना मार्ग आहे. छोट्या डब्यात साधे मीठ घेऊन त्यात जेमतेम पाणी घालावे, मीठ न विरघळता तळाशी राहील इतकेच. झाकण लावून सेन्सरचे टोक आतल्या हवेत, मिठाला न टेकवता, काही तास ठेवले की २५ अंशांच्या आसपास आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मॅग्नेशियम क्लोराइड घेतले तर ३३ टक्के मिळते. हे गुणधर्म त्या क्षारांचेच आहेत, त्यामुळे मापाच्या प्रमाणपत्राची वाट न पाहता सेन्सर किती चुकतो ते ताबडतोब कळते. ओल्या-कोरड्या फुग्याचा थर्मामीटर वापरत असाल तर त्याची वात स्वच्छ ठेवा आणि पाणी ऊर्ध्वपातित वापरा. नळाच्या पाण्याने वात कडक झाली की तो थर्मामीटर कायम दमटपणा जास्त दाखवतो.

चिलरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कूलिंग टॉवरची गोष्ट मात्र अनेकांना उलटी वाटते. टॉवर पाणी गार करतो ते बाष्पीभवनाने, म्हणून त्याला हवेचे तापमान नव्हे, तिचे ओल्या फुग्याचे तापमान बांधून ठेवते. एप्रिलच्या ३८ अंशांच्या कोरड्या दुपारी ते २१ अंशांच्या आसपास असते. जुलैत, २५ अंशांच्या पावसाळी दिवशी, ते २४ च्या घरात जाते. म्हणजे टॉवरमधून मिळणारे पाणी उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात जास्त कोमट असते. ज्या महिन्यात चिलरवर पाणी काढण्याचा भार सर्वाधिक असतो, त्याच महिन्यात त्याला उष्णता टाकायला जागा कमी मिळते. टॉवरचे फिल चोंदलेले असतील आणि नोझल्स बुजलेले असतील तर ते जुलैतच उघडे पडते, उन्हाळ्यात खपून जाते.

बहुतेक एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात, मोठी देखभाल फेब्रुवारी-मार्चमध्ये धरलेली असते, उन्हाळ्याच्या तयारीसाठी. ती असू द्यावी. पण दुसरी, जरा लहान, मे अखेरीस ते जूनच्या पहिल्या आठवड्यात ठेवावी, आणि ट्रॅप, ट्रे, वेष्टन, फटी, सेन्सर आणि डँपर एवढेच तिने पाहावे. आमच्या भागात याची आठवण ठेवायला वेगळे कॅलेंडर लागत नाही. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून तुकोबांची पालखी निघते आणि दुसऱ्या दिवशी आकुर्डीला मुक्कामाला येते. त्याच वारीच्या काळात हवेचा दमटपणा चढू लागतो. पालखी आकुर्डीत पोहोचेपर्यंत हे काम उरकलेले असावे.

आणि त्या दिवसाच्या दोन हजार लिटर पाण्याचे काय करायचे? बहुतेक ठिकाणी ते ड्रेनमधून गटारात जाते. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीस घरांना दिवसाआड पाणी सुरू झाले. अशा गावात कॉइलवरून निघणारे पाणी वाया घालवणे मला पटत नाही. हे पाणी वाफेतून निवळलेले, म्हणून त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि ते थंडही असते. कूलिंग टॉवरमध्ये घालायला याहून चांगले पाणी मिळणे कठीण, कारण टॉवरमधला मुख्य त्रास क्षार साचण्याचाच असतो. पिण्यासाठी ते योग्य नाही. कॉइलवरच्या जंतूंचा आणि तांब्याचा अंश त्यात असू शकतो. बागेला, फरशी पुसायला आणि टॉवरला ते चालते. एएचयू वरच्या मजल्यावर आणि टॉवर खाली असेल तर पंपही लागत नाही. ट्रॅपनंतरची नळी गटाराऐवजी एका टाकीकडे वळवायची, टाकीला झाकण आणि ओव्हरफ्लो ठेवायचा, आणि टॉवरच्या फ्लोट व्हॉल्व्हला ती जोडायची. बुरशी धरू नये म्हणून टॉवरच्या पाण्याला आपण जे औषध घालतो, ते या पाण्यालाही पुरते.